उजव्या पिछाडीच्या स्प्रिंगेची हकिकत

कुलस्वामिनीस स्मरोन, वाचणारांचे क्षेम चिंतोन, आणि हातीची लेखणी सरळ चालो ऐसे मागोन प्रारंभ करितो. बेळगावी अनगोळ पेठेत वास्तव्य करोन असणारे राजमान्य राजश्री सूरजराव बिन मारुतीराव पाटील, मूळ वतन मौजे चिंचोळवाडी, हल्ली चाकरी एका विमा कंपनीत, जेथे लोकांच्या मोडल्या गाड्यांचे दावे तपासोन ते नामंजूर करण्याचा त्यांस अधिकार, यांनी खुद्द आपल्या जिपेच्या उजव्या पिछाडीच्या स्प्रिंगेशी जो झगडा मांडिला, त्याविषयी मुलखात भलत्याच वदंता उठल्या आहेत. निपाणीकडील लोक म्हणतात की जीप दोरास बांधोन ओढिली. पिरनवाडीचे लोक गोबीच्या गाड्याचे नाव काढोन हसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या. परंतु खऱ्या गोष्टी अर्ध्याच सांगितल्या म्हणजे माणसाची अब्रू जाते, सबब सर्व मजकूर आरंभापासोन लिहिणे प्राप्त जाहले. ज्यास हा प्रसंग क्षुल्लक भासेल त्याणे एकवार आपल्या आईस गाडीत बसवोन भर ओढ्यात गाडीचे एक अंग खचलेले पाहावे आणि मग बोलावे.

मौजे चिंचोळवाडी हे गाव संकेश्वर सोडोन निपाणीकडे जाताना तवंदी घाटाच्या अलीकडे, हमरस्त्यापासोन आत, डोंगराच्या पोटाशी वसले आहे, आणि गाव व हमरस्ता यांचे मध्ये एक ओढा वाहतो. ओढ्यावर साकव होता तो मागील पावसाळ्यात वाहोन गेला. नवा पूल मंजूर जाहला ऐसा फलक दोन भाषांत लागला, आणि वरची ओळ कोणत्या भाषेत असावी यावरोन गावात बहुत चर्चा जाहली, आणि चर्चा संपते तों फलकच वाऱ्याने आडवा जाहला, पूल मात्र उभा राहिला नाही.

या गावी सूरजरावांच्या मातुश्री मालुबाई एकल्या राहत. मारुतीराव कैलासवासी होवोन बरीच वर्षे लोटली, परंतु दावणीची गाय आणि परसातल्या केळी सोडोन शहरात येण्यास मातुश्री राजी नव्हत्या. पुढे त्यांचे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. प्रथम त्यांनी कोणास कळो दिले नाही. मग चहात मीठ पडले, ते पाहुण्यांनी मुकाट्याने प्याले. मग चुलीवरील तवा उतरताना हात भाजला, आणि शेजारच्या जयाबाईने अनगोळास फोन करोन कळविले की म्हातारी भिंत चाचपत हिंडती, लेकानं काय ते बघावं. बेळगावच्या डॉक्टरांनी डोळे पूर्वीच तपासिले होते. त्यांनी निकड लाविली की आता दिरंगाई नको. परंतु मातुश्रींचे गुडघे ओढ्यातील गोटे तुडविण्याजोगे राहिले नव्हते, रिक्षावाले ओढा पाहोनच माघारी फिरत, आणि मोटारीचे पोट पहिल्याच धोंड्यावर आपटे.

ऐसे समयीं सूरजरावांचे पदरी एक जुनी जीप होती. ती थोडी उंच केली म्हणजे ओढा पार होईल हे त्यांचे ध्यानात आले, आणि विचार यथायोग्य होता. परंतु येथे खरे ते लिहिणे भाग आहे. सूरजराव सीमाभाग जीप मंडळाचे सभासद होते. या मंडळाचे शिलेदार दर रविवारी डोंगराळ मुलखात जाऊन मोहिमा काढीत, आणि जिपेचे एक चाक धोंड्यावर चढले असता दुसरे खाली हवेत लटकत आहे, ऐसे फोटो काढोन मोबाइलवर धाडीत. ज्याचे चाक अधिक खोल लटके, तो त्या रविवारचा मानकरी. सूरजरावांचे चाक कधी वीतभरही लटकले नव्हते. सबब पिरनवाडीचे मष्णू मिस्त्री यांजकडे जाऊन त्यांनी फर्माविले की गाडी चार इंच उचलावी आणि धक्के सोसणारे शॉकही लांबातले लांब घालावे. त्यातील दोन इंच मातुश्रींसाठी होते आणि दोन इंच फोटोसाठी. उंचीस सरकारी परवानगी घेतली की कसे, याविषयी मंडळातच दोन मते असल्याने आम्ही मौन धरितो.

जीप अनगोळास आली तेव्हा गल्लीतील मुले भोवती जमली. सूरजरावांच्या पत्नी माधवीबाई, ज्या हायस्कुलात विज्ञान शिकवितात, त्यांनी खाली वाकोन पाहिले आणि विचारिले, "एवढी कशाला उचललीया?"

"ओढ्यासाठी," सूरजराव बोलिले.

"ओढ्यासाठी का फोटोसाठी?"

सूरजरावांनी मुलांस बाजूस सारोन जीप अंगणात लाविली.

मग शुभ दिवस पाहोन चिंचोळवाडीस कूच जाहले. जाताना गाडी रिकामी होती, ओढा निर्विघ्न उतरली, आणि सूरजरावांची छाती भरोन आली. मातुश्रींस मागील आसनावर बसविले, मांडीवर तुपाचा डबा दिला, आणि स्वारी परत फिरली. ओढ्याच्या मध्यभागी उजवे पुढचे चाक एका धोंड्यावर चढले आणि मागचे त्याच अंगाचे चाक खड्ड्यात लोंबकळले. सूरजरावांनी आरशातून ते लोंबकळणे पाहिले आणि फोटो काढणारे कोणी नाही याचे त्यांस क्षणभर वाईट वाटले. इतक्यात खाड ऐसा आवाज जाहला. उजव्या पिछाडीची स्प्रिंग आपली बसण्याची वाटी सोडोन बाहेर निसटली आणि पाण्यात पडली, आणि गाडीचे ते अंग खचोन मातुश्री डब्यासह दरवाज्यास येऊन टेकल्या.

"सूरज, गाडी बसली का रं?"

"न्हाय आई, जरा थांब."

"बसली. माझ्या बुडाखालनं गेलीया ती. मला कळत न्हाय व्हय."

गावातून रवळू नावाचा गडी आणि आणखी चौघे धावोन आले. त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवोन मातुश्रींस काठावर नेले. लुगडे भिजले, तूप सांडले, आणि डॉक्टरांनी दिलेली वेळ टळली. रवळूने पाण्यातून स्प्रिंग काढोन सूरजरावांचे हाती दिली, आणि ती हाती घेऊन ते आईपुढे उभे राहिले. मातुश्रींस स्प्रिंग दिसली नाही, परंतु मुलगा पुढे उभा आहे हे श्वासावरोन कळले. त्यांनी हुकूम सोडिला की आजपासोन या गाडीत पाऊल ठेवणार नाही, डोळा गेला तर गेला. हा हुकूम त्यांनी आवाज न चढविता सोडिला, सबब तो फिरेल ऐसे कोणास वाटले नाही.

येणेप्रमाणे पहिली शिकस्त जाहली. मग पिरनवाडीस खलबत भरले. मष्णू मिस्त्रींनी बिडी विझवोन मसलत दिली की स्प्रिंगेस तारेने जखडावे. जाड तारेचे वेढे देऊन तिला वाटीशी बांधिले, पिळे मारिले, वरोन हातोडीचे चार ठोके दिले, आणि मिस्त्री बोलिले, "आता कुठं जाती बघू." परीक्षा लांब जाऊन पाहण्याचे कारण नव्हते, कारण पिरनवाडीतच पाण्याच्या नळासाठी रस्ता आडवा खोदोन ठेविला होता. सूरजरावांनी जीप तिरकी घातली, चाक चरात लोंबले, आणि तारेचे वेढे एकामागून एक तटातट तुटले. स्प्रिंग निसटली ती उताराने धावत जाऊन गोबी मंचुरीच्या गाड्याखाली शिरली, आणि गाड्याच्या पायास धक्का लागोन पिठात घोळलेली गोबी कढईऐवजी रस्त्यात पडली. माणसे जमली. कोणी म्हणे बाँब, कोणी म्हणे पाईप. चौकातील पोलीस शिपाई काठी हलवीत आला आणि काय जाहले ऐसे कानडीत पुसता जाहला, "एन आय्तु री?"

"एनू इल्ला री," सूरजराव बोलिले, काही जाहले नाही ऐसे भासवोन, "स्प्रिंग."

मग गोबीवाल्याची समजूत पटविली आणि स्प्रिंग कापडात गुंडाळोन, एखाद्या जखमी सरदारास न्यावे तैसी, मष्णू मिस्त्रींचे गोटात परत नेली. गाडीचे नुकसान इतकेच जाहले होते. मनाचे किती जाहले ते सूरजरावांनी माधवीबाईंसही सांगितले नाही. फक्त त्या रात्री जेवताना गोबीची भाजी पानात आली तेव्हा त्यांनी ताट किंचित दूर सारिले.

दुसरे खलबत पहिल्याहून भयंकर जाहले. मिस्त्रींनी सांगितले की आता वेल्डिंग करोन स्प्रिंग वाटीस कायमची चिकटवावी. माधवीबाई त्या दिवशी समक्ष होत्या. त्यांनी हरकत घेतली की स्प्रिंगेचे पोलाद ताव देऊन तयार केलेले असते, ते पुन्हा तापविले म्हणजे ठिसूळ होते आणि तुटते. मिस्त्रींनी हे ऐकोन घेतले आणि सूरजरावांकडे पाहिले. सूरजरावांनीही ऐकोन घेतले आणि मिस्त्रींकडे पाहिले. दोघां पुरुषांत जे काही ठरावयाचे ते या पाहण्यात ठरले. ठिणग्या उडाल्या. मिस्त्री काळा चष्मा वर सारोन बोलिले, "सायेब, आता जीव जाईल, पर जागा सोडनार न्हाय."

तैसेच घडले. त्या रविवारी मंडळाची मोहीम तवंदीच्या डोंगरास होती. माधवीबाईंचे म्हणणे पडले की परीक्षाच पाहणे तर ओढ्यावर पाहावी, तेथे चारचौघे नसतात. परंतु सूरजरावांस चारचौघेच पाहिजे होते. चढणीवर त्यांचे चाक ऐसे लटकले की सारे शिलेदार मोबाइल उगारोन धावले, आणि त्याच समयीं स्प्रिंग मधोमध मोडली. जागा सोडिली नाही, जीव गेला. चाक लटकल्याचा फोटो कोणासही नीट आला नाही. गाडी खचल्याचा मात्र सर्वांस स्वच्छ आला, आणि स्वारी डोंगर उतरण्याआधी तो संकेश्वरापासोन बेळगावापर्यंत पोहोचला.

आता ज्यांचे नाव घेणे प्राप्त आहे ते निपाणीकर विक्रमराव. हे मालुबाईंच्या धाकट्या बहिणीचे चिरंजीव, तंबाखूच्या वखारीचे धनी, आणि त्याच मंडळातील दुसऱ्या उंच जिपेचे स्वामी. लहानपणी दोघां भावांत विहिरीत उडी कोण आधी मारतो यावरोन स्पर्धा चाले, ती पुढे परीक्षांवर गेली, मग लग्नांवर, आणि आता चाकांवर येऊन थांबली होती. विक्रमरावांनी वखारीचा ट्रॅक्टर मागविला, दोर लाविला, आणि सूरजरावांची जीप डोंगरावरोन खाली आणि तेथोन निपाणीच्या बाजारपेठेतून गाडी दुरुस्तीच्या अड्ड्यापर्यंत ओढीत नेली. सूरजराव आत बसोन स्टिअरिंग धरोन होते. जिपेस इतके हळू चालविण्याचा प्रसंग त्यांजवर पूर्वी आला नव्हता, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकानदार ओळखीचे.

अड्ड्यावर विक्रमरावांनी चहा पाजिला आणि खांद्यावर हात ठेवोन बोलिले, "मावशीला मी आणतो दादा. ह्या न्हाय, पुढच्या मंगळवारी ट्रॅक्टर पाठवतो, ट्रॉलीत गादी टाकतो. तू कशाला तरास घेतोस."

हे बोलणे प्रेमाचे होते. सूरजरावांस त्याचाच घाव लागला. त्यांनी घरी येऊन चिंचोळवाडीस फोन लाविला, तों तेथे वर्तमान आधीच पोहोचले होते. मातुश्री बोलिल्या की विक्रमच्या ट्रॉलीतून हमरस्त्यापर्यंत जायचं ठरलंय, तिथनं पुढं त्याची मोटार हाय. मग बोलिल्या, "तू वाईट वाटून घेऊ नको. गाडी तुझी बरी असंल. पर मला डोळ्यांनी दिसत न्हाय बाबा. तवा बुडाखाली तरी भरोसा पायजे."

सूरजराव "बरं" म्हणाले आणि फोन ठेविला. दुसरे दिवशी कचेरीत जे दावे नामंजूर करावयाचे ठरले होते ते त्यांनी एकामागून एक मंजूर केले. साहेबांनी प्रकृती विचारिली. प्रकृतीस काही जाहले नव्हते. ज्या आईचे डोळे उघडावे म्हणोन गाडी उंच केली, तिला दुसऱ्याने न्यावे आणि आपण मागे राहावे, हे मनास सोसेना.

संध्याकाळी नवी स्प्रिंग घालोन जीप अंगणात आली. सूरजरावांनी तिजवर ताडपत्री घातली आणि पायरीवर बसले. माधवीबाई शाळेच्या वह्या तपाशीत होत्या. त्यांनी पेन ठेविले, बाहेर येऊन ताडपत्री काढिली, आणि हुकूम केला की जॅक आणावा. सूरजराव बोलिले की आता उपयोग नाही. बाईंनी तोच हुकूम पुन्हा केला, आवाज आधीहून खाली आणोन, आणि सूरजराव उठले.

मग गाडीचे मागील अंग जॅकवर घेतले, खाली लाकडाचे जाड ओंडके रचिले, आणि सूरजराव मोबाइलचा उजेड घेऊन आडवे होऊन आत शिरले. बाई हँडल फिरवू लागल्या. गाडी वर चढली तैसा मागील दोन्ही चाके जोडणारा अ‍ॅक्सल खाली लोंबू लागला आणि दबलेली स्प्रिंग हळूहळू लांब होऊ लागली. लांब होता होता एके ठिकाणी ती थांबली. तिची लांबी सरली. अ‍ॅक्सल मात्र लांब शॉकामुळे आणखी खाली जातच राहिला. सूरजरावांनी हात लाविला, तों ज्या स्प्रिंगेने एवढी गाडी तोलोन धरावी, ती रोडावलेल्या मनगटात बांगडी फिरावी तैसी बोटाने गरगर फिरू लागली.

त्यांनी ती आणखी दोनदा फिरवोन पाहिली.

"काय दिसतंय?" बाईंनी पुसले.

"सुटी आहे. एकदम सुटी."

"मग ती पळून जात न्हाय हो," बाई बोलिल्या. "तुम्ही खालचा अ‍ॅक्सल तिच्यापासनं लांब नेताय. तिनं धरून बसायचं कशाला?"

सूरजराव तेथेच पडून राहिले. कचेरीत दावा आला म्हणजे ते पहिला सवाल लिहीत की अपघातापूर्वी मालकाने वाहनात काय फेरबदल केला. आजवर त्यांनी हा सवाल शेकडो लोकांस पुसला होता. आता जिपेखाली, अंगणातल्या मातीवर, तो त्यांनी प्रथमच स्वतःस पुसला आणि उत्तर ताबडतोब आले. मष्णू मिस्त्रींचा दोष नव्हता, तारेचा नव्हता, स्प्रिंगेचा तर मुळीच नव्हता. चाक खोल लटकावे हा हट्ट त्यांचा. दावा त्यांनी मनातल्या मनात नामंजूर केला.

मग अंगणातच मसलत जाहली. बाईंचे म्हणणे पडले की अ‍ॅक्सलास एक पट्टा बांधावा, पट्ट्याचे दुसरे टोक वर गाडीच्या सांगाड्यास, चासीस, अडकवावे, आणि पट्टा इतकाच लांब ठेवावा की स्प्रिंग सुटी होण्याआधी तो ताणला जाऊन अ‍ॅक्सलास थांबवील. शिवाय खालच्या वाटीत स्प्रिंगेचा शेवटचा वेढा लोखंडी पट्टी आणि बोल्टने दाबोन धरावा, वेल्डिंगचे नाव काढू नये. सूरजरावांस सर्व पटले. तथापि ते क्षणभर घुटमळले.

"मग चाक जास्त लटकणार न्हाय."

"न्हाय."

"फोटोचं काय?"

"फोटोत तुम्ही उभारा," बाई बोलिल्या, आणि वह्या तपासावयास आत गेल्या.

पट्टा शहापुरात मिळाला. तेथे साड्यांचे माग चालतात त्या बोळात शालूबाई नावाची बाई जड शिलाईच्या मशीनवर ताडपत्र्या आणि ट्रकाचा माल आवळण्याचे पट्टे शिवीत असे. सूरजरावांनी माप सांगितले. शालूबाईने पट्टा हातात घेऊन पुसले, "म्हशीला पायजे का?"

"न्हाय, गाडीच्या अ‍ॅक्सलला."

"लई वढतंय का ते?"

"वढत न्हाय. लटकतंय."

शालूबाईने अ‍ॅक्सल म्हणजे काय हे विचारिले नाही. लटकणाऱ्या वस्तूस दुहेरी शिलाई पाहिजे एवढे बोलोन ती कामास लागली, आणि मागांच्या खडखडाटात तिच्या मशीनचा आवाज मिसळोन गेला. सूरजराव दोन पट्टे घेऊन पिरनवाडीस गेले. मष्णू मिस्त्रींनी भोके पाडिली, बोल्ट आवळिले, लोखंडी पट्ट्या बसविल्या, आणि हात पुसता पुसता बोलिले की मी पहिल्यापासनं हेच सांगत होतो. हे त्यांनी कधी सांगितले ते कोणास आठवत नाही, परंतु बोल्ट उत्तम आवळिले, सबब वाद वाढविला नाही.

ठरल्या मंगळवारी सकाळी सूरजराव आणि माधवीबाई चिंचोळवाडीस दाखल जाहले तेव्हा मातुश्री नवे लुगडे नेसोन कट्ट्यावर बसल्या होत्या, पिशवी शेजारी होती, आणि त्या निपाणीच्या ट्रॅक्टरची वाट पाहत होत्या. जिपेचा आवाज ओळखोन त्यांनी तोंड फिरविले.

"आई, बसायला सांगत न्हाय मी," सूरजराव बोलिले. "नुसतं बघ. मी रिकामी गाडी ओढ्यातनं नेतो आणि आणतो."

"मला काय दिसतंय बघायला?"

"मग ऐक."

मातुश्री जयाबाईचा हात धरोन ओढ्याच्या काठापर्यंत आल्या. जयाबाई हिला वर्तमान सांगण्याचे कामी नेमिले. सूरजराव पाण्यात उतरले. ज्या धोंड्याने पूर्वी घात केला त्याच धोंड्यावर त्यांनी मुद्दाम चाक घातले.

"गेली वर," जयाबाई सांगू लागली. "मागचं चाक लोंबाय लागलंय, मालुआक्का. लोंबलं. लोंबलं. थांबलं."

"आणि?"

"काय न्हाय. गेली पल्याड."

मातुश्रींनी मान तिरकी केली. त्यांस तो खाड आवाज पाठ होता. पाणी वाहत होते, इंजिन घुरघुरत होते, आणि तो आवाज मात्र आला नाही. त्यांनी सांगितले की परत एकदा जाऊ दे. सूरजराव परत गेले. पुन्हा सांगितले की आणखी एकदा, जरा जोरात. सूरजराव पुन्हा पाण्यात उतरले, आणि गाडीत कोणी नसता एवढी भीती त्यांस पूर्वी वाटली नव्हती. तिसरे वेळी जीप काठावर येते तों पलीकडोन विक्रमराव ट्रॅक्टर घेऊन दाखल जाहले, ट्रॉलीत खरोखरच गादी, गादीवर धुतलेली चादर.

आता दोन वाहने आणि मध्ये मातुश्री, ऐसा प्रसंग पडला. रवळू वैरण खाली ठेवोन उभा राहिला. मातुश्रींनी विक्रमरावांस हाक मारोन जवळ बोलाविले, त्यांच्या तोंडावरोन हात फिरविला आणि बोलिल्या, "एवढा आलास, गादी टाकलीस, लई बरं केलंस बाबा. पर आज ह्याच्या गाडीतनं जाणार हाय मी. दुसऱ्या डोळ्याच्या वक्ताला तू ने."

येणेप्रमाणे दोन्ही घराण्यांची अब्रू एका वाक्यात राखिली गेली, आणि हा तह लिहोन घेण्यास कोणी कारकून लागला नाही.

विक्रमराव मात्र निघताना जिपेच्या मागे वाकले, पट्टा बोटाने ओढोन पाहिला, आणि सूरजरावांस बाजूस घेऊन हळूच पुसते जाहले, "दादा, हा कुठनं आणलास?"

"शहापुरातनं. का रं?"

"माझी पण दोनदा निसटली. एकदा वखारीच्या दारातच. कुणाला बोललो न्हाय."

सूरजरावांनी त्यांजकडे पाहिले. डोंगरावरून निपाणीपर्यंत दोरास बांधोन आलेला प्रत्येक क्षण त्यांस आठवला, आणि या घटकेस काहीही बोलता आले असते. परंतु विक्रमरावांचे कान लाल जाहले होते, विहिरीत उडी मारताना भ्यालेल्या मुलाचे व्हावे तैसे. सूरजराव एवढेच बोलिले की रविवारी बरोबर जाऊ, माप घेऊन ये.

मग मातुश्रींस मागील आसनावर चढविले. एका बाजूस माधवीबाई बसल्या. जीप ओढ्यात उतरली. धोंडा आला, पुढचे चाक चढले, मागचे खड्ड्यात उतरले, आणि उतरता उतरता पट्टा ताणला गेल्याचा बारीकसा कर्र आवाज त्यांचे कानी पडला. स्प्रिंग वाटीत होती. चाक खाली आले, तळाला टेकले, गाडी सरळ जाहली, आणि पाणी झटकोन पलीकडच्या काठावर चढली. ज्या विजयासाठी तारा तुटल्या, पोलाद मोडले, गोबी सांडली आणि निपाणीची बाजारपेठ पाहावी लागली, तो विजय ऐसा क्षणात येऊन गेला. सूरजरावांनी काहीतरी बोलावे म्हणोन आरशात पाहिले.

मातुश्री झोपल्या होत्या. डोके सुनेच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडे, हात पिशवीवर. माधवीबाईंनी आरशातूनच ओठांवर बोट ठेविले.

सूरजरावांनी तोंड मिटले आणि बेळगावापर्यंत एकही खड्डा वेगाने घेतला नाही. हत्तरगी गेली, काकती गेली, किल्ल्याचा खंदक डाव्या हाताने मागे पडला, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर गाडी थांबली तेव्हा मातुश्रींस जाग आली.

"वढा आला का रं?"

"गेला, आई. मागंच गेला."

"कवा?"

"तू झोपलीस तवा."

मातुश्रींनी पिशवी चाचपली, सुनेचा हात धरिला आणि खाली उतरताना एवढेच पुसले की चहा कुठं मिळंल.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निर्वेधपणे निघाला. पट्टी सुटल्यानंतर अनगोळास अंगणात आणिले तेव्हा मातुश्रींनी प्रथम सुनेस पाहिले आणि ती वाळली म्हणोन काळजी केली. मग मुलास पाहिले आणि त्याचे पांढरे जाहलेले केस हाताने मागे सारिले. मग त्यांची नजर जिपेवर गेली. चाकापासोन टपापर्यंत त्यांनी ती हळूहळू निरखिली, आणि दोन पावले मागे सरकल्या.

"हीच व्हय ती?"

"हीच."

"एवढी उंच?" थोडा विचार करोन मातुश्री बोलिल्या, "दिसत असतं तर बसलीच नसते मी."

ऐसे बोलोन त्यांनी वर चढण्यासाठी मुलापुढे हात केला, कारण चिंचोळवाडीस गाय वाट पाहत होती.

हा मजकूर जैसा घडला तैसा लिहिला. ओढा पार होताना काहीच घडले नाही, हेच या मोहिमेचे यश, आणि ते राजश्री सूरजराव पाटील यांजकडे माधवीबाईंच्या सल्ल्याने जमा जाहले, ऐसे येथे नमूद असे.